लांडग्याचा वकील

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि आमच्यासारख्यांना शाळांतून बोलावणी येतात. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका शाळेत मी अशीच सहावीच्या वर्गाशी बोलायला गेले होते. विषय होता लांडगा. बोलण्याआधी मुलांना सांगितले, ‘पाठीमागच्या कोऱ्या कागदावर लांडग्याचे चित्र काढा.’ दहा मिनिटांनी कागद गोळा केले. बहुतेक चित्रांत दाट केसांचा, लाल डोळ्यांचा, जीभ बाहेर काढलेला, उंच झाडांच्या अंधारात उभा असलेला एक प्राणी होता. दोन-तीन चित्रांत बर्फही पडत होते. आपल्या माळावरचा, कुत्र्याएवढा, वाळलेल्या गवताच्या रंगाचा लांडगा एकाही कागदावर नव्हता.

मी तसे म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, आम्ही तो पाहिलाच नाही. खराखुरा लांडगा शाळेत आणता येते काय?”

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जगात काही ठिकाणी हे खरोखर केले जाते. आपल्याकडे ते करता येईल का, आणि केल्याने लांडगा वाचेल का, याचे उत्तर शोधताना मला लांडग्याच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात शिरावे लागले. तो इतिहास बराचसा आपल्या दख्खनचा आणि आपल्या नागपूरचाही आहे.

माणसांत वाढलेले लांडगे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ईली नावाचे छोटे गाव आहे. लांडग्यांचे नामवंत अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या पुढाकाराने १९८५ साली स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल वुल्फ सेंटर’ या संस्थेचे केंद्र तिथे १९९३ साली सुरू झाले. मोठ्या आवारात लांडग्यांची एक टोळी राहते आणि लोक काचेपलीकडून तिला पाहतात. या लांडग्यांना तिकडे ‘राजदूत’ म्हणतात. आपल्या जातभाईंच्या वतीने त्यांनी माणसांच्या दरबारी हजर राहायचे, एवढेच त्यांचे काम. मराठेशाहीत या कामाला वकिली म्हणत. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे होते, तसे हे माणसांकडे पाठवलेले लांडग्यांचे वकील.

असा वकील तयार करणे सोपे नाही. लांडग्याच्या पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण १२ ते १४ दिवसांनी उघडतात. माणसाची सवय लावायची तर ती त्याच सुमारास लावावी लागते. याचे कारण मोठे रंजक आहे. लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की रांगत-धडपडत बाहेरचे जग हुंगू लागते. त्या वेळी त्याला नीट दिसतही नसते आणि ऐकूही येत नसते. कुत्र्याचे पिल्लू हेच काम चौथ्या आठवड्यात, म्हणजे डोळे-कान चालू झाल्यावर करते. कॅथरिन लॉर्ड यांनी २०१३ साली हा फरक दाखवून दिला. ओळखी करून घेण्याची खिडकी दोघांनाही काही आठवडेच उघडी असते. ती बंद झाल्यावर समोर येणारी प्रत्येक नवी गोष्ट भीतीची ठरते. कुत्र्याचे पिल्लू त्या काळात माणसाला पाहते, ऐकते आणि हुंगते. लांडग्याच्या पिल्लाकडे सुरुवातीला फक्त नाक असते.

म्हणून अशा केंद्रांत पिल्ले आली की सांभाळणाऱ्यांचा दिवस आणि रात्र एक होते. दर काही तासांनी बाटलीने दूध पाजायचे, वजन करायचे, त्यांच्यातच झोपायचे. पुढे मांस सुरू होते. मोठ्या लांडग्यांना रोज वाटीभर खाणे दिले जात नाही. रानात शिकार साधली तर पोटभर, नाहीतर उपास, असा त्यांचा क्रम असल्याने मोठे खाणे काही दिवसांच्या अंतराने देतात. उन्हाळ्यात लोकर झडते, ती विंचरावी लागते. जनावराला न बांधता, न भुलवता रक्त घेता यावे म्हणून पाय पुढे करायला शिकवतात. कोण कोणावर गुरगुरला, कोण खाण्यापासून मागे राहिला, याची वही रोज भरली जाते. म्हातारा झालेला लांडगा टोळीत टिकेना, तर त्याला वेगळ्या आवारात निवृत्त करतात. आणि इतके करूनही तो पाळीव होत नाही. आपण मांजर-कुत्रा पाळतो त्या अर्थाने तो कधीच आपला होत नाही. माणसाची भीती तेवढी गेलेली असते, लांडगेपण जात नाही.

कोंडलेल्या लांडग्यांनी शास्त्रज्ञांनाही एकदा चांगलेच चकवले आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथील प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून लिहिले, की टोळीत सतत मारामाऱ्या होतात आणि जिंकणारा पुढारी होतो. मीच यांनी १९७० सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ही कल्पना घेतली आणि ती जगभर पसरली. पुढे त्यांनीच उत्तर ध्रुवाजवळच्या एल्झमीअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे जवळून पाहिले आणि १९९९ साली लिहिले, की रानातली टोळी बहुधा एक कुटुंब असते. आई-बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरे. पुढारीपणासाठी लढाई नाही. आई-बाप पुढे चालतात इतकेच. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंबले म्हणून ते भांडत होते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. शास्त्रज्ञ आपली चूक स्वतः कशी दुरुस्त करतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

दख्खनचा लांडगा

आता आपल्याकडे वळू. लांडगा आपल्या भाषेला अनोळखी नाही. संस्कृतात तो वृक. भीमाची भूक लांडग्यासारखी म्हणून तो वृकोदर. मराठीत लांडगेतोड हा शब्द आहे, ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तर प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि लांडगे हे आडनाव लावणारी कुटुंबे महाराष्ट्रभर आहेत.

शास्त्राच्या दप्तरात मात्र त्याचे नाव १८३१ साली लागले. मुंबईच्या फौजेतले अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्याचे काम होते. लोकसंख्या, पिके, पाऊस यांच्याबरोबर ते पशुपक्ष्यांचीही नोंद करीत. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली आणि तीत इथल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपीस’ असे नाव दिले. पॅलिपीस म्हणजे फिक्या पायांचा. पुढे तो युरोपातल्या लांडग्याचीच एक उपजात ठरला, पण ‘पॅलिपीस’ हे नाव टिकले. म्हणजे भारतीय लांडग्याचे शास्त्रीय बारसे आपल्या माळावरच्या जनावरावरून झाले आहे.

हा लांडगा थंड देशातल्या भावंडांपेक्षा लहान. वजन साधारण वीस किलोच्या आसपास, केस आखूड, उन्हाळा सोसणारे. टोळीही लहान, चार-सहा जणांची. दाट जंगलात तो रमत नाही. त्याला हवे मोकळे रान: गवत, बोरी-बाभळीची झुडपे, नाल्याकाठचे कपार, जिथे हिवाळ्यात पिल्ले घालता येतील. काळवीट, ससे, घुशी आणि आता बव्हंशी शेळ्या-मेंढ्या हे त्याचे अन्न.

एकाच दप्तरात दोन लांडगे

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटर गेले की सिवनी लागते. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि सिवनी त्याचा एक जिल्हा. तिथे राहिलेल्या रॉबर्ट स्टर्नडेल यांनी १८७७ साली सातपुड्यातल्या मुक्कामांवर एक पुस्तक लिहिले. त्याआधी, १८५२ साली, ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध असलेल्या स्लीमन यांनी अवध भागात ऐकलेल्या, लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती छापल्या होत्या. अशी एकही हकिकत शास्त्रीय कसोटीवर उतरलेली नाही. पण या साऱ्या सामग्रीतून मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली ‘जंगल बुक’ लिहिले. किपलिंग सिवनीला गेल्याचा पुरावा नाही, तरी त्याचा मोगली सिवनीच्या लांडग्यांत वाढला आणि जगभरच्या मुलांना ते लांडगे माया करणारे, कायदा पाळणारे वाटले.

त्याच वर्षांत त्याच सरकारच्या कचेऱ्यांत दुसरेच काम चालू होते. हिंस्र जनावरे मारणाऱ्याला इनाम मिळे. मारलेल्या जनावराची खूण कचेरीत दाखवायची आणि पैसे घ्यायचे. दर वर्षी प्रांताप्रांतांतून तक्ते वर जात: माणसे किती मेली, गुरे किती मेली, वाघ किती मारले, बिबटे किती, लांडगे किती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी हे आकडे जमवले आहेत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे इनामासाठी मारले गेले.

हे आकडे कसे वाचावेत, हाही एक पाठच आहे. हा मोजणीचा तक्ता नव्हे; दिलेल्या इनामांचा हिशेब आहे. कोल्ह्याचे कातडे लांडग्याचे म्हणून खपवले गेले असेल, तर आकडा फुगतो. गावकऱ्यांनी मारून कचेरीपर्यंत न नेलेले लांडगे त्यात धरलेले नाहीत, तिथे आकडा कमी पडतो. पण दोन्ही बाजूंची चूक धरली तरी एक गोष्ट उरते. वाघाच्या शिकारीला हत्ती, हाकेकरी, छायाचित्रे आणि आठवणींची पुस्तके मिळाली. लांडग्याचे मरण तक्त्यातल्या एका रकान्यात संपले. स्वातंत्र्यानंतर वाघाला जी सहानुभूती मिळाली तिचे मूळ काही अंशी त्या पुस्तकांत आहे. लांडग्यासाठी तसे कोणी लिहिलेच नव्हते.

लांडग्याची बाजू मांडताना त्याचा दोष लपवणे बरोबर नाही. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात लांडग्याने अनेक लहान मुलांचे बळी घेतले. यादवेंद्रदेव झाला आणि दिनेश कुमार शर्मा यांनी तिथे जाऊन अभ्यास केला आणि हे एका लांडग्याचे किंवा एकाच टोळीचे काम असावे असा निष्कर्ष काढला. २०२४ साली त्याच राज्यातल्या बहराइच जिल्ह्यात पुन्हा मुले मारली गेली. अशा वेळी त्या भागातले लांडगे दिसतील तिथे मारले जातात. ज्या घरातले मूल गेले त्यांच्यापुढे आकडेवारी मांडण्यात अर्थ नसतो. पण अशा घटना विरळ आहेत आणि गरिबीच्या, उघड्यावर झोपणाऱ्या, दार नसलेल्या घरांच्या वस्तीत त्या घडतात, हे शिक्षकाने सांगितले पाहिजे. दोन्ही गोष्टी सांगितल्या तरच मुले आपल्यावर विश्वास ठेवतील.

माळढोकाच्या सावलीत

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्याच पंगतीत, भारतीय लांडग्याला जागा आहे. १९७६ साली त्या वेळच्या बिहारात, आजच्या झारखंडात, महुआडांड येथे खास लांडग्यांसाठी अभयारण्य झाले. वनाधिकारी एस. पी. शाही यांनी त्यासाठी खटपट केली होती. महाराष्ट्रात लांडग्याच्या नावाने काही झाले नाही. १९७९ साली सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नज भागात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, त्याच्या आसऱ्याने लांडगा राहिला. पुढे माळढोक तिथून जवळजवळ नाहीसा झाला. लांडगा अजून आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या सतीश कुमार, असद रहमानी आणि नंतर बिलाल हबीब यांनी इथेच लांडग्यांचा अभ्यास केला. अभयारण्याच्या रेषा लांडग्याला पुरत नाहीत, एका टोळीला शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचा वावर लागतो आणि त्यात शेते, गायराने, वाड्या-वस्त्या सगळे येते, हे या कामातून पुढे आले.

या वावरात त्याचा खरा शेजारी मेंढपाळ. विदर्भात धनगर आणि कुरमार आहेत, कच्छहून कळप घेऊन येणारे रबारीही आहेत. लांडगा मेंढरू उचलतो ते त्यांचे. सरकारी नुकसानभरपाईच्या यादीत लांडगा आहे, पण तिच्यासाठी पंचनामा लागतो आणि आज इथे उद्या तिथे असणाऱ्या माणसाला पंचनाम्यासाठी थांबणे परवडत नाही. तरीही अनेक मेंढपाळ ‘त्याचा वाटा त्याने नेला’ म्हणून पुढच्या माळाकडे निघतात. ज्याचे नुकसान होते त्यानेच सहन केले म्हणून लांडगा शिल्लक आहे. पुस्तकांत हे फारसे लिहिले जात नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट कळली. २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात भारतातल्या लांडग्यांचा डीएनए तपासला, तेव्हा त्यांचा वंश फार पूर्वी वेगळा झाल्याचे दिसले. २०२१ साली लॉरेन हेनेली, बिलाल हबीब आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यानुसार आज हयात असलेल्या करड्या लांडग्यांच्या वंशांत भारतीय लांडग्याची फांदी सर्वांत आधी फुटलेली आहे, आणि पश्चिम आशियातले ज्यांना आपण याचेच भाऊ समजत होतो, ते निराळे निघाले. म्हणजे हा लांडगा भारत आणि पाकिस्तान सोडून कुठेही नाही. २०२२ साली झाला आणि सहकाऱ्यांनी देशातल्या प्रौढ लांडग्यांचा अंदाज केला, तो तीन हजारांच्या थोडा वर आहे. त्याच वर्षीच्या गणनेत वाघ सरासरी ३,६८२ होते. ज्या प्राण्यासाठी आपण व्याघ्रप्रकल्प उभारले, त्याच्यापेक्षा लांडगा संख्येने जास्त नाही. हे वाचून मीही दचकले होते.

त्यातच कुत्र्यांचे संकट आहे. गावकुत्र्यांकडून डिस्टेंपर, रेबीज हे रोग रानात जातात. आणि पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ साली सिद्ध झाले. तिथल्या निसर्गप्रेमींना एक विचित्र रंगाचा प्राणी दिसला आणि त्यांनी तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला, त्यातून हे कळले. जोडीदार मिळेनासा झाला की लांडगा कुत्र्याशी जुळतो, आणि वंश हळूहळू पातळ होतो.

वन आणि माळ

आता ज्या वस्तीतून हा लेख सुरू झाला तिच्या नावाकडे पाहा. नंदनवन म्हणजे इंद्राची बाग. स्वर्गाची कल्पना करतानाही आपल्याला झाडीच आठवते. वन म्हटले की झाडे. मग जिथे झाडे नाहीत ते काय? आपल्या भाषेत त्याला ओसाड, उजाड, पडीक असे शब्द आहेत. महसुली दप्तरातही तसेच. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती पड. स्वतंत्र भारतात तयार झालेल्या पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपांचे रान पडीकच धरले गेले. पडीक म्हटल्यावर ती कारखान्याला, रस्त्याला, सौर पॅनेलला द्यायला कोणाची हरकत नसते. आणि कोणी पर्यावरणप्रेमाने गेलाच, तर खड्डे खणून तिथे झाडे लावतो. गवताळ रानावर दाट झाडी उभी केली की काळवीट, माळढोक, खोकड आणि लांडगा या सर्वांचे घर जाते, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

विदर्भात मात्र एक गंमत झाली. मध्य प्रांतात मालगुजारी गावांमध्ये गुरे चारायला आणि सरपणाला ठेवलेली, झुडपांची हलकी जमीन असे. तिची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी होती. १९५१ साली मालगुजारी संपली, जमीन सरकारकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, नोंदी तशाच राहिल्या. १९८० साली वनसंवर्धन कायदा झाला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दप्तरात ज्याची नोंद जंगल अशी आहे तेही वन समजावे. झाले! ‘जंगल’ या एका शब्दामुळे पूर्व विदर्भातली हजारो हेक्टर जमीन अडली. ‘तिथे जंगल कुठे आहे, नुसती झुडपे आहेत’ असा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालला. त्यात खरी अडचणही होती, कारण काही जागांवर पूर्वीच घरे, शाळा, कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच समजायचे. १९९६ च्या त्या तारखेपूर्वी रीतसर दिलेल्या जमिनींना केंद्राच्या मंजुरीने नियमित करायची वाट ठेवली. वादातली जमीन सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. या प्रत्येक तुकड्यात लांडगा आहे असे मुळीच नाही, आणि खटला लांडग्यासाठी चाललेलाही नव्हता. पण दोन माळ डोळ्यांसमोर आणा. दोन्हींवर तेच गवत, त्याच बोरी-बाभळी. एकाच्या नोंदीत ‘पड’ असे लिहिले होते, दुसऱ्याच्या नोंदीत ‘झुडपी जंगल’. कोणा जुन्या कारकुनाने टाकलेल्या त्या दोन शब्दांनी जे केले, ते माणसांत वाढवलेल्या शंभर लांडग्यांना जमले नसते.

मग वकील कोण?

त्या मुलीला द्यायचे उत्तर असे तयार झाले. खासगी व्यक्तीला किंवा शाळेला आपल्याकडे लांडगा पाळता येत नाही आणि ते योग्यच आहे. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात तो पाहता येतो, पाहावा. पिंजऱ्यापुढे उभे राहून मुलांना त्याचे आखूड केस, लांब पाय, पिवळसर डोळे निरखायला सांगावे. पिंजऱ्यातल्या वागण्यावरून निष्कर्ष काढू नयेत, हे शेंकेल यांच्या गोष्टीवरून सांगावे. हिवाळ्यात रानात कपारीत पिल्ले दिसली तर ती पोरकी समजून उचलून आणू नयेत. आई बहुधा जवळच असते. वनरक्षकाला कळवावे आणि मागे फिरावे. एकदा माणसात वाढलेले पिल्लू रानात परत सोडणे फार अवघड असते आणि मग उरलेला जन्म त्याला भिंतीआड काढावा लागतो.

वर्गात करण्याजोगी तीन कामे सुचवते. पहिले, मुलांना लांडगा, कोल्हा, खोकड, तरस आणि रानकुत्रा या पाचांची चित्रे शेजारी ठेवून फरक लिहायला सांगा. गावोगावी तरसाला लांडगा आणि खोकडाला कोल्हा म्हटले जाते. बातम्यांतही ही चूक होते. दुसरे, आपल्या गावातली गायरान किंवा झुडपी जंगलाची जमीन कुठे आहे, तिची नोंद काय आहे आणि आज तिथे काय उभे आहे, हे तलाठ्याला विचारून नकाशा करा. तिसरे, मेंढरांचा कळप जवळपास उतरला असेल तर मेंढपाळाला शाळेत बोलवा. लांडगा कधी येतो, कसा येतो, कुत्रे काय करतात, हे त्याला विचारा. पुस्तकात न मिळणारी माहिती मिळेल, आणि एक माणूस आपल्या शाळेत पाहुणा म्हणून आल्याने मुलांना दुसराही धडा मिळेल.

यातले तिसरे काम त्या नंदनवनच्या शाळेने केले. शहराबाहेर उतरलेल्या कळपातला एक म्हातारा मेंढपाळ आला. फळ्यापुढे उभा राहायला तो लाजत होता, म्हणून खाली बसूनच बोलला. लांडगा उन्हात गवताशी कसा मिसळून जातो, हे त्याने हाताने जमिनीवर दाखवले. नंतर शिक्षकांनी मुलांना पुन्हा चित्र काढायला सांगितले आणि कागद माझ्याकडे पाठवले. मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या कागदावर नुसते पिवळे गवत होते. बराच वेळ पाहिल्यावर त्यात दोन कान दिसले.